पिक्ट विरुद्ध डेन : ८३९ ची लढाई नेमकी झाली कुठे?

गारठा (धागाकर्ता)

पिक्ट म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व भागातले जुने लोक; त्यांचा राजा ओगनान ८३९ साली लढाईत पडला. सोबत त्याचा भाऊ ब्रान पडला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डाल रियाटा राज्याचा राजा एधही पडला. एका लढाईत एक राजघराणं आटोपलं. पुढच्या चार-पाच वर्षांत त्या रिकाम्या गादीवर केनेथ मॅकॅल्पिन येऊन बसला आणि स्कॉटलंडच्या राजांची गणती त्याच्यापासून करायची पद्धत पडली. एवढी मोठी लढाई, आणि झाली कुठे त्याचा पत्ता नाही.

पुरावा म्हणजे आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या शकावलीतली एक ओळ. जेधे शकावली चाळलेल्यांना प्रकार लगेच कळेल: साल, घटना, मेलेल्यांची नावं, की पुढचं साल. ओळ साधारण अशी: विधर्मींनी फोर्ट्रिऊच्या लोकांवर लढाई मारली, तीत अंगसपुत्र ओगनान, अंगसपुत्र ब्रान, बोआंतापुत्र एध आणि जवळजवळ अगणित लोक पडले. बास. नदी नाही, टेकडी नाही, गाव नाही.

विधर्मी म्हणजे व्हायकिंग हे उघड आहे. पण डेन्मार्कचे की नॉर्वेचे, हे लिहिणाऱ्या भिक्षूला सांगावंसं वाटलेलं नाही. स्कॉटलंडच्या लोककथांत मात्र झाडून सगळे व्हायकिंग डेनच असतात, म्हणून शीर्षकात तेच ठेवलंय.

जागेचा एकच सुगावा, तो म्हणजे फोर्ट्रिऊ. पिक्टांचं सगळ्यात दांडगं राज्य. आणि गंमत बघा, हे अख्खं राज्यच गेल्या वीसेक वर्षांत नकाशावर शंभरावर किलोमीटर उत्तरेला सरकलंय! एकोणिसाव्या शतकात विल्यम स्कीनने ते पर्थजवळ, स्ट्रॅथअर्नच्या खोऱ्यात बसवलं. पुढच्यांनी तेच गिरवलं. २००६ मध्ये ॲलेक्स वुल्फ या इतिहासकाराने एका लेखात ते उचलून मोरे प्रांतात नेऊन ठेवलं. त्याचा एक मुद्दा मला फार पटला. ९३४ साली इंग्लंडच्या अथेलस्टनने स्कॉटलंडवर स्वारी केली. दरहॅमचा सिमियन लिहितो की जमिनीवरची फौज डुनॉटर आणि वेर्तेरमोर इथवर मुलूख मारत गेली आणि आरमार केथनेसपर्यंत गेलं. वेर्तेर म्हणजे हेच फोर्ट्रिऊवाले. डुनॉटर आजच्या स्टोनहेवनजवळ, समुद्राच्या कड्यावर. दक्षिणेकडून तिथवर पोचलेल्या फौजेचा पुढचा टप्पा मागे पर्थकडे कसा असेल? तो माउंथची डोंगररांग ओलांडून पलीकडेच हवा. आता बहुतेक अभ्यासक हेच धरून चालतात.

राज्य सरकलं तर लढाईही सरकली. माझं मत असं की ती मोरे फर्थच्या दक्षिण किनाऱ्यावर, फिंडहॉर्नची खाडी ते बर्गहेड या पट्ट्यात शोधावी. बर्गहेडला पिक्टांचा सगळ्यात मोठा ज्ञात किल्ला. फिंडहॉर्नची खाडी जहाजं आत घ्यायला फक्कड, वाऱ्यापासून आडोशाला. समोरच्या तीरावर पोर्टमहोमॅकचा मठ ८०० च्या सुमाराला जाळला गेला होता; १९९४ ते २००७ या काळात मार्टिन कार्व्हरने तिथे खणलं, तेव्हा जळक्या थरात कोरीव दगडांचे फोडलेले तुकडे निघाले. म्हणजे ८३९ साली ही खाडी व्हायकिंगांना नवी नव्हती. आणि याच पट्ट्यात, फॉरेस गावाच्या कडेला, सहा मीटरहून उंच असा एक दगड उभा आहे, ज्याच्या एका अंगावर वरपासून खालपर्यंत नुसती कत्तल कोरलेली आहे. स्वेनोज स्टोन.

नोकरीमुळे अबर्डीनला असतो, फॉरेस गाडीने दोनेक तासांवर. कुणी यायचं म्हणत असेल तर जरूर सांगा. बाकी मतं येऊ द्या.

निवांत_पोहेवाला

पहिला! वाचतोय. नकाशा टाका ना राव, माउंथ कुठे नि मोरे कुठे, डोकं गरगरलं.

गारठा

@निवांत_पोहेवाला, नकाशा चढत नाहीये. शब्दांत सांगतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अबर्डीन. त्याच्या थोडं खाली डोंगररांग जवळपास समुद्रापर्यंत येते, ती माउंथ. तिच्या दक्षिणेला पर्थ, फाइफ, अँगस. उत्तरेला वळसा घालून गेलं की पश्चिमेकडे आत घुसलेलं मोठं आखात, ते मोरे फर्थ. त्याच्या टोकाला इनव्हर्नेस.

खवट_म्हातारा

राज्य उत्तरेला सरकलं इथवर ठीक. पण मोठा दगड दिसला की त्याला जवळची लढाई चिकटवायची, ही खोड जुनी आहे. त्या दगडावर कोरीव कामाच्या ढंगावरून नववं शतक ते दहाव्याची सुरुवात, असा काळ लावतात. यात ८३९ जेमतेम दाराशी उभं आहे. दगडावर लेख नाही. हरलेली लढाई, राजा मेलेला, घराणं बुडालेलं. एवढा खर्चिक दगड उभा कोणी केला? पराभूतांनी?

गारठा

@खवट_म्हातारा, दगड लढाईचा पुरावा आहे असं मी म्हटलेलं नाही. तो याच पट्ट्यात आहे एवढंच म्हटलंय. पण आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण तो पाहण्यासारखा आहे.

१९९० नंतर त्याच्याभोवती काचेची पेटी बांधली. ऊन असलं की काचेत आपलाच चेहरा दिसतो, म्हणून ढगाळ दिवशी जावं (अशा दिवसांना इथे तोटा नाही). पश्चिमेच्या बाजूला मोठा क्रूस, त्याखाली दोन उंच माणसं वाकून मधल्या कुणावर तरी काहीतरी करतायत. राज्याभिषेक म्हणतात काही जण. पूर्वेच्या बाजूला लढाई. वर घोडेस्वारांच्या ओळी. खाली पायदळ. मग जोड्याजोड्यांनी झुंजणारे. मग धडं एका रांगेत, नीट मांडून ठेवल्यासारखी, आणि बाजूला मुंडक्यांचा ढीग. त्याच्या खाली एक कमान, कमानीखाली आणखी धडं नि मुंडकी, आणि त्यातल्या एका मुंडक्याला वेगळी चौकट. म्हणजे हा कुणीतरी खास. वाळूचा दगड आहे, हजार वर्षांचा पाऊस खाल्लेला, तरी ती चौकट दिसते.

शिलालेखी

वर्णन वाचून बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आठवले. आपल्याकडे वीरगळ खालून वर वाचतात: तळाला लढाई, मग अप्सरा वीराला नेतायत, माथ्यावर कैलास नि शिवलिंगाची पूजा. हा दगड वरून खाली वाचायचा असं दिसतंय, आणि शेवट स्वर्गात न होता मुंडक्यांत होतोय. मेलेल्याचा गौरव कमी, मारणाऱ्याचा जास्त. त्यामुळे खवटकाकांचा प्रश्न बिनतोड वाटतो, हा विजेत्याचाच दगड.

दुसरं, एकसरच्या दगडांवर जहाजं आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. स्वेनोज स्टोनवर एक तरी जहाज आहे का? व्हायकिंगांशी झालेली लढाई कोरायची आणि जहाज वगळायचं, हे शिल्पकाराकडून होईल का?

(एकसरवरही नाव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी ती सोमेश्वर शिलाहार आणि महादेव यादव यांची तेराव्या शतकातली आरमारी लढाई म्हणतं, कुणी आणखी मागे नेतं. मुका दगड सगळीकडे सारखाच त्रास देतो.)

गारठा

जहाज नाही. मुद्दा मान्य. तरी घोडेस्वारांवरून काही ठरत नाही, कारण व्हायकिंगही उतरले की आधी घोडे लुटत.

मंजिरी_क

फॉरेसच्या दगडाबद्दल एक वेगळीच गोष्ट आहे, ती इथे यायला हवी. राजा डब ९६६ च्या आसपास फॉरेसला मारला गेला. मारेकऱ्यांनी प्रेत किनलॉसच्या पुलाखाली लपवलं, आणि ते सापडेपर्यंत त्या जागी सूर्य उगवला नाही असं जुन्या राजावळ्यांत येतं. १० जुलै ९६७ ला खरोखरच सूर्यग्रहण झालं होतं! आता ती कमान बघा. कमान म्हणजे पूल, चौकटीतलं मुंडकं म्हणजे डब. इतिहासकार आर्ची डंकन यांनी हे मांडलंय. किनलॉस फॉरेसच्या शेजारीच आहे. मला तर हे सगळ्यात जुळणारं वाटतं. यात डेन नाहीत नि व्हायकिंगही नाहीत, आपसातलीच मारामारी.

निवांत_पोहेवाला

ग्रहणाचं भारी आहे! +१

खवट_म्हातारा

मंजिरीताई, भारी आहे म्हणूनच सावध राहावं. आणखी एक मत आहे की हा केनेथच्या लोकांनी पिक्टांना चिरडल्याचा जयस्तंभ. आणि चौथं मत ओर्कनी बेटांच्या यार्लचं (म्हणजे नॉर्स सरदाराचं). चार चाव्या एकाच कुलपाला लागतायत म्हणजे कुलूपच ढिलं आहे.

सातपुडा

ओर्कनीच्या यार्लचं काय ते सांगा की. अर्धवट सोडू नका.

खवट_म्हातारा

सांगतो. हे 'ओर्कनेयिंगा सागा'त आहे, आइसलँडमध्ये तीनेकशे वर्षांनी लिहिलेलं, तेव्हा मिठाच्या खड्यासकट घ्या. ओर्कनीचा यार्ल सिगुर्ड आणि स्कॉटांचा सरदार मेल ब्रिग्टे यांनी ठरवलं की दोघांनी चाळीस-चाळीस माणसं आणून सोक्षमोक्ष लावायचा. सिगुर्डने चाळीस घोडे आणले, पण प्रत्येकावर दोन माणसं बसवली. मेल ब्रिग्टेच्या लांबूनच लक्षात आलं, प्रत्येक घोड्याच्या एका अंगाला दोन पाय लोंबतायत. "फसवणूक झाली," म्हणाला, आणि तरी लढला. तो आणि त्याचे सगळे मेले. सिगुर्डने त्याचं मुंडकं खोगिराला बांधलं आणि निघाला. त्या मुंडक्याचा एक दात पुढे आलेला होता, तो सिगुर्डच्या पोटरीत रुतला, जखम चिघळली आणि यार्लसाहेब त्यातच गेले. सन ८९२ च्या आगेमागे.

काही जण तो दगड या लढाईचा म्हणतात. गोष्ट झकास. पण सिगुर्ड नॉर्स, डेन नव्हे, आणि लढाईची जागा सागातही धड नाही.

सातपुडा

दाताने सूड उगवला! आजचा दिवस सार्थकी.

बोरूबहाद्दर

उशिरा आलो. धाग्याच्या शीर्षकाकडे परत येतो. 'पिक्ट विरुद्ध डेन' म्हणत असाल तर ८३९ ला चिकटून बसण्यात अर्थ नाही. डेन हे नाव आणि जागा, दोन्ही एकत्र ज्या लढाईला मिळतात ती ८७५ ची, डॉलरची.

डॉलर हे क्लॅकमॅननशरमधलं छोटं गाव, स्टर्लिंगच्या पूर्वेला, ओकिल टेकड्यांच्या पायथ्याशी. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींना आधार देतात. इंग्लंडची अँग्लो-सॅक्सन शकावली म्हणते की इंग्लंडातल्या रेप्टनची छावणी मोडून डेनांचा म्होरक्या हाफडान फौजेचा एक हिस्सा घेऊन उत्तरेला गेला, टाइन नदीवर तळ ठोकला आणि पिक्टांवर नि स्ट्रॅथक्लाइडच्या ब्रिटनांवर वारंवार छापे घातले. अल्स्टरची शकावली म्हणते, पिक्टांची काळ्या परक्यांशी गाठ पडली आणि पिक्टांची मोठी कत्तल झाली. 'काळे परके' म्हणजे आयरिश भिक्षूंच्या लेखी याच टोळीचे लोक. आणि आल्बाच्या (म्हणजे तेव्हाच्या स्कॉटलंडच्या) राजांच्या वृत्तांतात राजा कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षाखाली येतं: डॉलर इथे डेन आणि स्कॉट यांच्यात लढाई झाली, स्कॉट मारले गेले, आणि उत्तरेकडचे लोक (म्हणजे व्हायकिंग) वर्षभर पिक्टांच्या मुलखात राहिले.

आता भूगोल बघा. टाइनहून जमिनीने उत्तरेला यायचं तर फोर्थ नदी आडवी येते. खालच्या अंगाला ती खाडी होते, तिथे पायी उतार नाही. स्टर्लिंगला ओलांडावीच लागते (पुढे पाचशे वर्षं स्कॉटलंडच्या अर्ध्या लढाया स्टर्लिंगभोवती का झाल्या त्याचं हेच कारण). ओलांडलं की समोर ओकिलची भिंत. तिच्या पायथ्याने पूर्वेला निघालं की डॉलर, आणि तिथून थोडं पुढे डेव्हन नदीच्या खिंडीतून भिंतीला भोक पडतं. पलीकडे स्ट्रॅथअर्न आणि फोर्टेव्हियटचा राजवाडा, जिथे केनेथ ८५८ साली वारला. म्हणजे राजवाड्याकडे निघालेल्या फौजेला अडवायचं तर डॉलरच्या आसपासच. मला ही जागा कागदावरूनही पटते नि जमिनीवरूनही.

आणि या लढाईला पूर्वपीठिका आहे. ८६६ मध्ये डब्लिनचे ओलाफ आणि ऑइसल फोर्ट्रिऊत घुसून ओलीस घेऊन गेले. ८७० मध्ये ओलाफ आणि आयव्हर यांनी डंबार्टनचा खडक चार महिने वेढून घेतला. पुढच्या वर्षी २०० जहाजं भरून अँगल, ब्रिटन आणि पिक्ट कैदी डब्लिनला नेले. गुलामांचा धंदा होता तो, शुद्ध धंदा. डॉलर हा त्या धंद्याचा पुढचा हप्ता.

निवांत_पोहेवाला

डॉलरपायी कत्तल... चालू द्या.

मंजिरी_क

बोरूबहाद्दर, एक शंका. एक नोंद 'स्कॉट' मारले गेले म्हणते, दुसरी 'पिक्ट'. मग लढलं कोण?

बोरूबहाद्दर

तेच लोक. आल्बाचा वृत्तांत आपल्या हाती आहे तो चौदाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितातून, सध्या पॅरिसला आहे. तोवर पिक्ट ही ओळख पुसली जाऊन सगळे स्कॉट झाले होते. अल्स्टरची नोंद घटनेच्या जवळची, तिथे ते अजून पिक्ट आहेत. कॉन्स्टंटाइन केनेथचा मुलगा, पण ८७६ साली अल्स्टरवाला त्याची मृत्युनोंद 'पिक्टांचा राजा' म्हणूनच करतो.

गारठा

आणि तो कॉन्स्टंटाइन मेला कुठे, हाही घोळच! नंतरच्या राजावळ्या नॉर्समनांनी मारला म्हणतात आणि जागा इनव्हर्डोव्हॅट देतात, ती फाइफमध्ये टे नदीच्या मुखाशी असावी. लोककथा मात्र त्याला फाइफच्या पार पूर्व टोकाला, क्रेलजवळच्या एका गुहेत नेऊन तिथे त्याचा शिरच्छेद करते. गुहा अजून त्याच्या नावाने ओळखली जाते, गोल्फच्या मैदानाच्या कडेला आहे. गोल्फवाले चेंडू शोधत तिथे जातात.

खवट_म्हातारा

आता मूळ रोगाकडे येऊ. डेनांच्या या 'जागा' निघतात कुठून? हेक्टर बोईस. अबर्डीनच्या किंग्ज कॉलेजचे पहिले प्राचार्य. १५२७ साली पॅरिसला लॅटिनमधून स्कॉटलंडचा इतिहास छापला. धाग्यातल्या सगळ्या शकावल्या एकीकडे आणि ही बखर एकीकडे. बोईससाहेबांनी जिथे दगड दिसला तिथे डेन पाडले.

लुनकार्टी घ्या. पर्थच्या वर. डेन जिंकत आले होते, स्कॉट पळत सुटले, तेवढ्यात शेतात नांगरणाऱ्या बापाने नि त्याच्या दोन मुलांनी नांगराचं जू उचललं, पळणाऱ्यांनाच अरुंद वाटेवर झोडपून मागे फिरवलं आणि लढाई जिंकली. 'हे' (Hay) नावाच्या घराण्याला यावरून जमीन मिळाली म्हणे. बोईसच्या आधी या लढाईचा जेमतेम ओझरता उल्लेख आहे.

बॅरी घ्या. अँगसच्या किनाऱ्यावर. १०१० साली कामुस नावाचा डेन सेनापती तिथे पडला म्हणे. पुढे त्या भागात वाळूत दगडी फरशांच्या पेट्या केलेली थडगी निघाली, तेव्हा लोक म्हणाले, हे बघा डेन! आज ती पद्धत नीट माहीत आहे. लढाईत मारलेल्यांना घाईघाईने पुरलेलं नव्हे, पिक्टांच्या काळातल्या साध्यासुध्या गावकऱ्यांची, निवांतपणे खणलेली कबर. डेन डेन म्हणून ज्यांची हाडं दाखवली ते पिक्टच.

मे बेट घ्या. ८७५ साली डेनांनी तिथे संत एड्रियन आणि त्याच्या सहा हजारांवर अनुयायांना मारलं, असं १५१० च्या अबर्डीनच्या प्रार्थनाग्रंथात आहे. बेट दोन किलोमीटरसुद्धा लांब नाही. सहा हजार माणसं तिथे उभी करून दाखवा, मग मारण्याचं बघू. पफिन पक्षी मात्र मावतात, हजारोंनी.

शिलालेखी

काका फॉर्मात आहेत. पण बोईसने सगळं हवेतून काढलं असेल असं नाही. मे बेटावर मठ होता हे खरं, ८७५ ला डेन फोर्थच्या तोंडाशी होते हेही खरं. मठ लुटला गेला असेल आणि आकडा नंतर फुगला असेल. बखरीतला आकडा टाकून द्यावा, बखर टाकून देऊ नये.

खवट_म्हातारा

आकडा टाकला, सेनापती टाकला, जागा टाकली. उरलं काय? 'डेन आले होते.' ते शकावलीत आहेच.

सातपुडा

८३९ बद्दल एक सुचवू का? डाल रियाटाचा राजा त्या लढाईत कसा पोचला? तो पश्चिमेचा, लढाई पूर्वेला. दोन राजे एकत्र मेले म्हणजे दोन फौजा एकत्र आल्या होत्या. म्हणजे हा अचानक पडलेला छापा नव्हे, आधी निरोप गेलेले, माणसं जमलेली. पश्चिम किनाऱ्यावरून मोरेला यायची सरळ वाट म्हणजे ग्रेट ग्लेन, लॉख नेसची ती लांबच लांब चीर. मग लढाई त्या वाटेच्या तोंडाशी, आजच्या इनव्हर्नेसजवळ का नसावी? आणि व्हायकिंगही पश्चिमेकडूनच, त्याच चिरेतून आले असतील तर? हेब्रिडीज बेटांवर त्यांचा वावर तोवर चांगलाच होता.

गारठा

@सातपुडा, हे आवडलं. मी सगळा विचार समुद्राकडून करत होतो. इनव्हर्नेसचं टोक धरलं तर माझा पट्टा पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर ताणावा लागेल. ताणतो.

बर्गहेडचा हट्ट मात्र सोडवत नाही. त्या किल्ल्याचा मोठा भाग १८०५ नंतर आजचं गाव नि बंदर बांधताना सपाट केला. तटबंदीचा दगड सरळ धक्क्यात गेला. बैल कोरलेले तीसेक दगड तेव्हा निघाले होते म्हणतात, आज सहा उरलेत. अबर्डीन विद्यापीठाचे गॉर्डन नोबल २०१५ पासून तिथे खणतायत. सगळे म्हणत होते काही उरलं नसेल. उरलं होतं: घरांचे अवशेष, तटातलं जळकं लाकूड, आणि एका घरात आल्फ्रेड राजाचं नाणं. म्हणजे ८३९ नंतरही, नवव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, किल्ला नांदता होता. जळला तो पुढे.

खवट_म्हातारा

म्हणजे तुमचा हट्ट तुमच्याच पुराव्याने पातळ होतो. राजा किल्ल्याच्या दारात मारला गेला, 'अगणित' माणसं पडली, आणि किल्ला आणखी पन्नास वर्षं सुखात?

गारठा

लढाई जिंकून लूट घेऊन निघून गेले. किल्ला घ्यायला थांबलेच पाहिजे असं कुठे आहे?

कुदळ_फावडं

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. पुरातत्त्वाचं शिक्षण झालंय, पोटासाठी दुसरंच करतो.

या काळातलं रणांगण सापडत नाही, हे आधी समजून घ्या. लढाई काही तासांची. मेलेल्यांची शस्त्रं, चिलखतं, पट्टे, सगळं जिंकणारे उचलून नेतात, कारण लोखंड महाग. उरतात हाडं आणि मोडके तुकडे. स्कॉटलंडची बरीचशी जमीन आम्ल, ती हाडं खाते नि लोखंडही गंजवून संपवते. ६८५ ची डन नेख्टनची लढाई घ्या, पिक्टांनी नॉर्थम्ब्रियाचा राजा एकफ्रिथ याला मारलं ती. ती तर तारखेसकट माहीत आहे, २० मे. अँगसमधलं डनिकन ही तिची जागा म्हणून स्मारकसुद्धा उभारलं गेलं. मग त्याच वुल्फने त्याच लेखात विचारलं, आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू बीड म्हणतो एकफ्रिथ दुर्गम डोंगरांच्या खिंडीत सापडला, डनिकनला असे डोंगर आहेत कुठे? आणि बॅडनॉकमधलं डनाक्टन सुचवलं. तिथेही रणांगण म्हणावं असं काही निघालेलं नाही. वाद कागदावरच चालू आहे.

तेव्हा रणांगण शोधू नका, छावणी शोधा. बोरूबहाद्दर यांनी दिलेल्या नोंदीतलं सोनं त्या शेवटच्या वाक्यात आहे, 'वर्षभर राहिले'. हजार-दोन हजार माणसं वर्षभर राहिली की कचरा होतो, आणि कचरा लुटारू नेत नाही. याच फौजेची ८७२-७३ ची हिवाळी छावणी लिंकनशरमध्ये टॉर्क्सीला सापडली. कशावरून? शेतात मेटल डिटेक्टरवाल्यांना मिळालेल्या बारीकसारीक वस्तूंवरून: चांदीचे कापलेले तुकडे, अरबी दिरहमचे तुकडे, तोलायची वजनं आणि शिशाच्या सोंगट्या. सोंगट्या शेकड्यांनी! बसून बसून पटावर खेळत होते बिचारे. पुढच्या हिवाळ्यात रेप्टन, तिथे एका ढिगाऱ्याखाली किमान २६४ माणसांची हाडं निघाली. त्यानंतरचा हाफडानचा मुक्काम टाइनवर, आणि मग ही पिक्टांच्या देशातली स्वारी.

शिसं अशा जमिनीत लोखंडापेक्षा बरं टिकतं. दोन नद्या आणि एक वर्ष, एवढ्यावरून क्षेत्र ठरलं: फोर्थ आणि टे यांच्या मधला सुपीक पट्टा. जहाजं लागतील म्हणून पाण्याजवळ, धान्य लागेल म्हणून शेतीजवळ. अशा सोंगट्यांचा पुंजका जिथे निघेल तिथून घोड्याच्या एका दिवसाच्या टप्प्यात डॉलरचं रणांगण येतं का, ते बघायचं.

बोरूबहाद्दर

अप्रतिम प्रतिसाद. स्कॉटलंडच्या कायद्याने सापडलेली प्रत्येक जुनी वस्तू राजसत्तेच्या मालकीची, आणि सापडणाऱ्याने ती कळवावीच लागते, मग ती चांदी असो की शिशाची गोटी. म्हणजे निघालं तर नोंद होणार. इंग्लंडात हा नियम एवढा कडक नाही.

मंजिरी_क

पण डिटेक्टरवाले शिसं दिसलं की मासेमारीचं वजन समजून फेकून देत नसतील?

कुदळ_फावडं

देतात ना. टॉर्क्सीसारख्या सोंगट्या म्हणजे बुटके, आतून पोकळ शंकू. पाहिलेल्या माणसाला ओळखू येतात, न पाहिलेल्याला भंगार. म्हणूनच फाइफमधल्या जुन्या हौशी लोकांच्या डब्यांत आधी डोकवावं, मग कुदळ घ्यावी.

सातपुडा

आणि ८३९ ला छावणी नव्हतीच का?

कुदळ_फावडं

नोंदीत नाही. एक लढाई, एक ओळ. तिथे माझ्याकडे काही उपाय नाही. पट्टा ताणत बसा.

गारठा

ताणतोच आहे. पुढच्या महिन्यात डॉलरला जाऊन येईन म्हणतो, ओकिलच्या पायथ्याने डेव्हनच्या खिंडीपर्यंत चालत. बोरूबहाद्दर म्हणतात तशी फौज तिथे खरंच अडवता येते का ते बघून फोटो टाकतो. अल्लोआ किंवा स्टर्लिंगहून बस आहे. कोण कोण येतंय?

निवांत_पोहेवाला

तिकीट तुम्ही काढलंत तर मी.

खवट_म्हातारा

फोटो नकोत. शिसं मिळालं तर धागा वर काढा.